सजावट ठरते ती वखारीत

नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले, तेव्हा त्या वास्तूच्या राजकीय अर्थाविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिच्या आतल्या जमिनीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या जमिनीसाठी त्रिपुरातील बांबूच्या फळ्या वापरण्यात आल्या. सागवान नागपूरहून आणि गालिचे मिर्झापूरहून आणण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बंगळूर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच्याही अंतर्भागात प्रक्रिया केलेल्या बांबूचा सढळ वापर आहे. ही दोन उदाहरणे पाहिली की पर्यावरणपूरक सजावटीचे युग आपल्याकडे अवतरले, असा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु एखाद्या जिल्ह्याच्या गावी पाचशे चौरस फुटांची सदनिका घेतलेल्या शिक्षकाने किंवा कारकुनाने बांबूच्या फळ्यांची चौकशी करून पाहावी. दुकानदार त्याच्यापुढे प्लायवुडचे आणि पार्टिकल बोर्डाचे नमुने टाकील, वर चिकटवायच्या सनमायकाचा जाडजूड अल्बम उघडील, आणि बांबू हवा असेल तर बुरूड आळीत जा, असे सांगेल. बुरूड आळीत टोपली, सूप, तट्टा मिळेल. कपाटाची फळी मिळणार नाही. संसदेला जे मिळते ते शिक्षकाला मिळत नाही, याचे कारण त्याची रुची कमी प्रतीची आहे किंवा पर्यावरणाविषयी त्याला आस्था नाही, हे नव्हे. ती वस्तू त्याच्या बाजारात नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

पर्यावरणपूरक साहित्य म्हणजे काय, हे सुरुवातीसच स्पष्ट केलेले बरे. ज्याच्या वापराने मूळ साठा आटत नाही, जे तयार करण्यास तुलनेने कमी ऊर्जा लागते आणि जे घरात राहणाऱ्याच्या प्रकृतीला अपाय करीत नाही, ते साहित्य पर्यावरणपूरक. अशा साहित्याचा पुरस्कार आज सर्वत्र होतो. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत त्यावर व्याख्याने होतात आणि सजावटकारांना, म्हणजे इंटिरियर डिझायनरांना, त्यांच्या जबाबदारीची जाणीव करून दिली जाते. या साऱ्या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सजावटकार आपल्या मर्जीने साहित्य निवडतो, असे ते गृहीत आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

आवड आणि उपलब्धता

जुन्या घरांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. कोकणातल्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या असत आणि देशावरच्या काळ्या दगडाच्या. त्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा बैलगाडीचा पल्ला महत्त्वाचा होता. शहाबादी फरशी पुण्यामुंबईच्या घराघरांत पोचली, कारण शहाबाद हे गाव रेल्वेच्या मार्गावर होते. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि बंदराच्या सोयीमुळे ती कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आज मोरबीच्या गुळगुळीत टाइल्स तालुक्यातालुक्यांत दिसतात, त्याचेही कारण हेच. माल मुबलक आहे, मालमोटार दारापर्यंत येते आणि चार टाइल्स फुटल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच रंगाच्या मिळतात.

सजावटकाराच्या व्यवहाराकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याने ग्राहकाला तारीख दिलेली असते. फळी आठ बाय चारच्या मापात मिळाली तर तिचे तुकडे कसे पाडायचे आणि वाया किती जाईल, हे सुताराला पाठ असते. वखारवाला महिन्याची उधारी देतो आणि खराब निघालेली फळी बदलून देतो. याउलट अपरिचित साहित्य घ्यायचे तर आगाऊ रक्कम भरावी लागते आणि माल केव्हा येईल याची शाश्वती नसते. आला तर जाडी सारखी असेल याची खात्री नसते, आणि हे साहित्य आपण कधी हाताळलेले नाही म्हणून सुतार मजुरी वाढवून मागतो. अर्थशास्त्रात याला व्यवहारखर्च म्हणतात. वस्तूच्या चिठ्ठीवर हा खर्च लिहिलेला नसतो, पण तो भरावा लागतोच. म्हणून कागदावर स्वस्त दिसणारे साहित्य प्रत्यक्षात महाग पडते आणि सजावटकार पुन्हा प्लायवुडकडे वळतो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही.

लॉरी बेकर यांच्या कार्यामागे गांधीजींचा एक विचार होता. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातील असावे, हा तो विचार. बेकर यांनी केरळात तो पुष्कळ अंशी आचरणात आणून दाखविला. तथापि त्यासाठी त्यांनी स्वतः गवंड्यांबरोबर उभे राहून काम केले, हे विसरता येत नाही. प्रत्येक शहरात एक बेकर निर्माण होईल, या आशेवर धोरण आखता येत नाही. सामान्य कुवतीच्या सजावटकाराला योग्य तेच सोपे वाटेल, अशी व्यवस्था उभी करणे हे धोरणाचे काम आहे.

पॉप्लरचा धडा

अशी व्यवस्था उभी करता येते, याचे उदाहरण आपल्याच कपाटांत दडलेले आहे. एके काळी देशातील प्लायवुडचा मोठा भाग ईशान्येकडील नैसर्गिक जंगलांतील लाकडापासून तयार होत असे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्ययोजनेविना होणारी जंगलतोड थांबविली आणि त्या भागातील लाकडाच्या वाहतुकीवर कठोर निर्बंध घातले. तेथील अनेक गिरण्या बंद पडल्या. तरीही देशाला प्लायवुडची टंचाई भासली नाही. हरयाणातील यमुनानगर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश या धंद्याचे केंद्र बनला. तेथील शेतकरी उसाच्या आणि गव्हाच्या शेतात पॉप्लर व निलगिरी लावीत होते, आणि पाच ते आठ वर्षांत तोडणीस येणारे हे लाकूड गिरण्यांना मिळू लागले.

ही लागवड आपोआप झालेली नव्हती. १९८०च्या दशकात आगपेट्या बनविणाऱ्या एका कंपनीने शेतकऱ्यांना उत्तम रोपे दिली आणि लाकूड विकत घेण्याची हमी दिली. बँकांनी कर्जे दिली. उद्योगांनी आपला कच्चा माल जंगलातून न घेता शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, असे १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणानेही सांगितले. रोप, कर्ज आणि खरेदीची हमी या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा सबंध देशाच्या फर्निचरचे लाकूड बदलले. कोणाही सजावटकाराने जंगल वाचविण्याच्या हेतूने पॉप्लरची निवड केली नव्हती. वखारीत जे आले ते त्याने वापरले. जंगलावरचा भार मात्र त्यामुळे हलका झाला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. प्लायवुड आणि बोर्ड चिकटविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या राळेतून फॉर्माल्डिहाइड वायू दीर्घकाळ बाहेर पडत राहतो. नव्या कपाटाचा जो उग्र दर्प येतो, डोळे चुरचुरतात, तो बव्हंशी त्याचाच परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे ठरविले. कमी वायू सोडणारे बोर्ड तयार होतात, पण ते महाग असतात आणि लहान गावात ठेवलेही जात नाहीत. याचा अर्थ, दोन खोल्यांत चार माणसे राहतात त्या घरातच निकृष्ट बोर्ड जातो आणि मोठ्या हवेशीर बंगल्यात उत्तम प्रतीचा. उपलब्धतेतील विषमता अशा रीतीने श्वासोच्छ्वासापर्यंत येऊन पोचते.

बंदीचा विपरीत परिणाम

पुरवठ्याचा विचार न करता केवळ सद्हेतूने निर्णय घेतला, तर काय होते याचेही उदाहरण आहे. जंगले वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२० साली उठविण्यात आली. मधल्या सत्तावीस वर्षांत खिडक्या-दारांच्या चौकटींसाठी पोलाद, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक यांचा आधार घेणे क्रमप्राप्त झाले. हे पदार्थ खनिजांपासून वा तेलापासून तयार होतात आणि त्यांना प्रचंड ऊर्जा लागते. अॅल्युमिनियम गाळण्यास किती वीज लागते, हे सर्वश्रुत आहे. उलट लागवडीतले लाकूड पुन्हा वाढते आणि हवेतला कार्बन धरून ठेवते.

या बंदीचा परिणाम केवळ सरकारी इमारतींपुरता मर्यादित राहणे शक्य नव्हते. सरकारी बांधकाम खात्याची दरसूची हा आपल्याकडे सर्व बांधकाम व्यवसायाचा पंचांगासारखा ग्रंथ आहे. जे तिच्यात नाही त्याचा अंदाजपत्रकात समावेश होत नाही. अंदाजपत्रकात नाही ते कंत्राटदार आणीत नाही, आणि कंत्राटदाराची मागणी नसेल तर व्यापारी साठा करीत नाही. एका सूचीतील एक ओळ वगळली गेली, तर बाजारातील एक गल्ली ओस पडते.

गवताला ठरविले झाड

बांबूची कहाणी या सर्वांहून उद्बोधक आहे. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ याने मात्र त्याची गणना झाडात केली. त्यामुळे बांबू तोडला की तो इमारती लाकूड ठरे आणि त्याच्या वाहतुकीस परवाना लागे. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज असल्याचे मान्य केले, तरी प्रत्यक्षात वनखाते हात सोडावयास तयार नव्हते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावी जाऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडण्यास शेतकऱ्याला मोकळीक मिळाली ती त्यानंतरही सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१७च्या वटहुकुमाने.

नव्वद वर्षांच्या या बंधनांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी नाममात्र दरात बांबू मिळत राहिला; बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. कर्नाटकातील बांबूचा अभ्यास करताना माधव गाडगीळ यांनी ही विसंगती परखडपणे दाखवून दिली आहे. कच्चा माल ज्याला फुकटाच्या भावात मिळतो तो त्याची जपणूक करीत नाही, आणि ज्याला तो दुष्प्राप्य असतो तो त्यात नवे कौशल्य आणू शकत नाही. बुरूड टोपलीपाशीच थांबला याचे कारण त्याच्या बोटांत नव्हते. ते परवान्याच्या चिठ्ठीत होते.

परिणाम असा की, सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात बांबू असलेला आणि या बाबतीत चीनच्या खालोखाल गणला जाणारा हा देश उदबत्तीच्या काड्यासुद्धा चीन आणि व्हिएतनाममधून आणीत होता. जून २०२० मध्ये या काड्यांवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के करावे लागले. काडीची ही अवस्था, तर जमिनीच्या फळीची काय कथा! फळीसाठी बांबू चिरावा लागतो, त्यातील पिष्टमय अंश काढावा लागतो, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात तो मुरवावा लागतो, भट्टीत सुकवून दाबयंत्राखाली चिकटवावा लागतो. ही प्रक्रिया झाली नाही तर बांबूला कीड लागते आणि वर्षा-दोन वर्षांत कपाटाखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. अमावास्येला तोडलेला बांबू किडत नाही, असे शेतकरी सांगतात, आणि ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही जुनी आहे. घराच्या आढ्यापुरते हे ज्ञान पुरेसे होते. कारखान्यातून एकसारखी हजार चौरस फूट जमीन पुरविण्यास ते पुरे पडत नाही.

विश्वासाचीही टंचाई

येथे दुसरा एक प्रश्न उद्भवतो. साहित्य बाजारात आले तरी ते जसे सांगितले तसेच आहे, हे ओळखायचे कसे? प्रक्रिया केलेला बांबू आणि न केलेला बांबू पॉलिश चढविल्यावर सारखेच दिसतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात असे दाखविले होते की, चांगला आणि वाईट माल ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना मधला भाव देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, आणि अखेरीस बाजारात वाईटच तेवढा उरतो. पर्यावरणपूरक म्हणविणाऱ्या साहित्याचे आज हेच होत आहे. हिरव्या पानाचे चित्र छापण्यास काहीच खर्च येत नाही. एखाद्या घरातील बांबू किडला की दहा घरे त्याचे नाव टाकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला आग लागली. आग कोणत्याही इमारतीला लागू शकते. पण बांबूच्या नावाने ही शंका आधीच होती, ती अधिक दृढ झाली.

प्लायवुड आणि लाकडी बोर्डांना २०२५ सालापासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक करण्यात आले, हे योग्यच झाले. परंतु चिन्ह मिळविण्याचा खर्च मोठ्या कारखान्याला जाणवत नाही आणि लहान सहकारी संस्थेला झेपत नाही. प्रमाणपत्राची सक्ती करताना तपासणीची प्रयोगशाळा जवळपास नसेल, तर गुणवत्तेच्या नावाखाली लहान उत्पादकच बाजारातून बाहेर पडेल.

करसवलत आणि रिकामे दुकान

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबूच्या जमिनीवरील तसेच उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, भाताचे तूस यांपासून केलेल्या बोर्डांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. साध्या प्लायवुडवर मात्र १८ टक्के कर राहिला. तेरा टक्क्यांचा हा फरक लहान नाही. पण जी वस्तू दुकानातच नाही तिच्यावरील कर उतरला, म्हणून ग्राहकाच्या पदरात काय पडणार?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर चिपाडाची येथे वाण नाही. एक टन ऊस गाळला की त्यातून पाव टनाहून अधिक चिपाड निघते. परंतु साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात आणि उरलेली वीज विकतात. वीज खरेदीचा करार हातात असताना बोर्ड करणाऱ्याला चिपाड विकण्याचे कारखान्याला कारण नाही. पऱ्हाट्यांची अडचण निराळी आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून बोर्ड करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. पण विदर्भातील शेतकरी वेचणी संपताच शेत मोकळे करतो. दोन-तीन महिन्यांत गोळा करून वर्षभर साठवून ठेवावा लागणारा हा अवजड माल कोणी वाहावयाचा, हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून बहुतेक पऱ्हाट्या चुलीत किंवा बांधावर जळतात, आणि त्याच गावातल्या शाळेतील बाके परप्रांतातून आलेल्या बोर्डाची असतात.

सुरुवात कोठून?

मागणी वाढली की पुरवठा आपोआप येईल, असे काही जण म्हणतात. बाजार चालता असेल तेथे हे खरे आहे. येथे मात्र पुरवठा नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, असे दुष्टचक्र आहे. ते फोडण्याइतका मोठा ग्राहक एकच असतो, आणि तो म्हणजे शासन. राज्याच्या बांधकाम खात्याने आपल्या दरसूचीत प्रक्रिया केलेला बांबू आणि पिकांच्या अवशेषांचे बोर्ड यांचा त्यांच्या मानकांसह समावेश करावा. जिल्हा परिषदांच्या शाळांची बाके, कार्यालयांतील टेबले आणि वसतिगृहांतील कपाटे यांच्या खरेदीतील ठरावीक हिस्सा पाच वर्षांसाठी या साहित्याकरिता राखून ठेवावा. पॉप्लरच्या बाबतीत जी हमी एका कंपनीने दिली, ती सरकारला देता येणार नाही असे थोडेच आहे?

दुसरी गरज प्रक्रियाकेंद्रांची आहे. सिंधुदुर्गात माणगा जातीचा भरीव बांबू शेताच्या बांधावर पूर्वापार लावला जातो, आणि कुडाळ येथे कोनबॅकसारखी संस्था त्यावर काम करीत आहे. गडचिरोलीत ग्रामसभांपाशी जंगल आहे आणि आता हक्कही आहे. तेथे बांबू चिरण्याची, मुरविण्याची आणि सुकविण्याची सोय सहकारी तत्त्वावर झाली, तपासणीची प्रयोगशाळा तिला जोडली गेली, तर ग्रामसभेला केवळ काठीचा भाव न मिळता फळीचा भाव मिळेल. साखरेचे सहकारी कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. त्या चळवळीतील दोष मात्र येथे टाळावे लागतील. तिसरी गरज हातांची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या अभ्यासक्रमात बांबूला स्थान मिळाले आणि बुरूड कुटुंबांतील मुलांना तेथे अग्रक्रम मिळाला, तर पिढीजात कौशल्याला आधुनिक अवजाराची जोड मिळेल.

या मार्गात धोके नाहीत, असे नाही. मागणी वाढली की नैसर्गिक वनातील बांबूची बेसुमार तोड होण्याची भीती आहे, आणि ती रोखण्यासाठी ग्रामसभेचे नियम शहरातील व्यापाऱ्याच्या घाईपुढे टिकले पाहिजेत. बांबूची फळीही शेवटी राळेनेच चिकटते. ती राळ कोणती, हा प्रश्न तेथेही विचारावाच लागेल. आणि दोन हजार किलोमीटरवरून आणलेली बांबूची जमीन गावाजवळच्या शहाबादी फरशीपेक्षा पर्यावरणाला हितकर असेलच, असे नाही.

संसदेच्या जमिनीसाठी बांबू आणता येतो, हे सिद्ध झाले आहे. गडचिरोलीच्या ग्रामसभेला त्या फळीचा भाव मिळतो का, आणि तेथील शाळेतल्या मुलाचे बाक त्याच्याच जंगलातील बांबूचे होते का, ही पुढची परीक्षा आहे. तिची उत्तरपत्रिका सजावटकारापुढे ठेवण्यात अर्थ नाही. ती मंत्रालयाने आणि बांधकाम खात्याने सोडवावयाची आहे.